देवाला विचारून प्यायलेलं मुडदुशांचं सार

बाय गो, इकडे ये. अशी खाटेला लागून बस, म्हणजे मला मोठ्याने बोलावं लागणार नाही. बोलताना अजून पोटाला ओढ बसते. तू पुण्याला आहेस हे काय मला ठाऊक नाही? तरी बसलीयस असं धरूनच लिहिते. ऑपरेशन झालं तेव्हा फोन केलास, “मावशी, काळजी घे” म्हणालीस आणि ठेवून दिलास. काळजी काय अशी उभ्या उभ्या घेतात? सख्खी भाची तू. शेजारीण तीनदा येऊन गेली, तुला एक एसटी धरवत नाही.

असो. काय झालं ते ऐक. इतकी वर्षं माशांची टोपली चढवली-उतरवली, मालवणच्या बंदरावरून कट्ट्याच्या बाजारात नेली, त्यात पोटाचा पडदा सुटला. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा यायचा. हर्निया म्हणतात त्याला. पोट उघडून आत जाळी बसवली. आयुष्यभर जाळ्यातलं विकून पोट भरलं, आता जाळंच पोटात गेलं. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर हसल्या बिचाऱ्या. घरी सोडताना म्हणाल्या, “वजन उचलायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. आणि अंडी, मासे भरपूर खा, जखम लवकर भरेल.” मी मनात म्हटलं, असं औषध मिळत असेल तर आजारी पडायला हरकत नाही.

घरी आले तर दारापुढच्या खळ्यात भावजी उभे. तुझे काका गेल्यापासून घराचं गाऱ्हाणं हेच दीर घालतात. पुण्यात राहून तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. घरात काही अडलं-नडलं की देवापुढे नारळ ठेवायचा, सगळं बोलून सांगायचं, काय देणार ते कबूल करायचं आणि मागच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. मी तिकडे ऑपरेशनला गेले आणि यांनी इकडे टेकडीवरच्या देवळात ते उरकून घेतलं होतं.

“वयनी, देवान तुका सुखरूप आणल्यान. आता त्या पायऱ्यो चढान सोताच्या हातान नारळ ठेयपर्यंत वशाट तोंडाक लावचा नाय. तसा गाऱ्हाणा घातलंय.”

“माझ्या तोंडाचा तुमी कबूल केल्यात? तुमची तंबाखू सोडूक काय झाला होता?”

“देवाक मोलाचा देवचा लागता. तुझ्याकडे माशापेक्षा मोलाचा काय आसा?”

खरंच होतं ते.

म्हणजे बघ, चढायला डॉक्टरची बंदी आणि चढल्याशिवाय मासा नाही. अंडंसुद्धा वशाटातच मोडतं. सून बिचारी सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात पुढे ठेवायची. एरवी मला पिठी आवडते. पण त्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती, दोन घास झाले की ताट सरकवायची. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. सून पाठीला हात लावून उठवायची, मोरीपर्यंत न्यायची, पट्टा बांधायची. मुलगा गोव्याला कामाला, तो रविवारीच येतो.

पट्टी बदलायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. जखमेचा एक कोपरा अजून ओलाच होता. “खाणं नाही म्हणून भरत नाहीये. असंच राहिलं तर परत दाखल करावं लागेल.” सुनेने त्यांना गाऱ्हाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “देवाचं तुम्ही बघा, जखमेचं मला बघावंच लागेल.”

दुसऱ्या दिवशी सुनेने झाकलेली वाटी आणून ठेवली. “आई, डाळीचा पाणी आसा. गरम आसा तवसर पिवन टाका.”

झाकण काढायच्या आधीच मला कळलं. मुडदुशे! आमच्याकडे बाळंतिणीला नि आजाऱ्याला देतात तो हलका मासा.

“अगो, आपरेशन पोटाचा झाला, नाकाचा नाय.”

तिने वाटी खाली आपटली. “मगे मी काय करू? परत थंय दाखल झाल्यात तर मी एकटी खंय खंय पुरतलंय? ह्या घराक बघू, पोराची शाळा बघू की तुमच्या उशाक बसू?” आणि रडायलाच लागली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तरी काय करणार? शब्द मी दिला नव्हता, पण दिला होता माझ्या नावाने. सार मांजरीला गेलं. मी भावजींना बोलावून घेतलं आणि म्हटलं, “घातल्यात तुमी, आता सोडवा तुमी.”

भावजी जखमेचं ऐकून नरमले. “गाऱ्हाणा बदलूक येता. देव काय तालुक्याचो सायब नाय, तो आयकता. पण ज्याच्या नावाचा, तेना थंय ‘व्हय म्हाराजा’ म्हणूक व्हया. तू चढतलंस कशी?”

“फोन लावा,” सून म्हणाली.

“देवळात फोन?”

“लाऊडस्पीकर चालता, मगे फोन कित्याक चालाचो नाय?”

सकाळी उशीवर फोन ठेवून पडले होते. आधी नुसत्या धापा ऐकू आल्या, मग घंटा, मग भावजींचा आवाज. “बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराक डाक्टरान पायरी बंद केल्यान हा. तेच्या जखमेक आधार व्हया. मुडदुशांचा सार औषध म्हणान घेवक दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. चुलीकडून सून माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली.

“आणि ती पायरी चढान नारळ ठेयपर्यंत, तेच्या बदल्याक, मी तंबाखू सोडलंय, म्हाराजा!”

मी उशीवरचा फोन उचलून कानाशी धरला. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासूनची तंबाखू ती.

“वयनी, आयकतंस मा? व्हय म्हण गो, देव खोळंबलो!”

“व्हय म्हाराजा,” म्हटलं कसंबसं. मग हसू आलं तशी पोटावर उशी दाबून धरली.

त्या दुपारपासून रोज सार. फक्त सारच हं, तळलेलं नाही, झणझणीत तिखलं नाही, कबूल केलं तेवढंच. जखम आता कोरडी झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, थोड्या दिवसांनी हळूहळू पायऱ्या चढा, पण दोन्ही बाजूंनी धरायला माणूस पाहिजे. भावजी रोज सकाळी येतात, बडीशेप चघळत, तोंड वाकडं करून विचारतात, “वयनी, कधी चढतलंस गो? माका जीव नको झालो.” एका बाजूने सून धरेल. दुसऱ्या बाजूला भावजी काय कामाचे? चढताना त्यांनाच कोणीतरी धरायला हवं.

तेव्हा तू ये. बिस्किटं, सफरचंदं काही आणू नकोस, भेटायला येणाऱ्यांनी कपाट भरून टाकलंय. धरायला हात तेवढा आण. खाली उतरलो की बांगड्याचं तिखलं करू, तुझ्याच हातचं. पण लवकर ये गो बाय, भावजींकडे बघवत नाही.