शेवटच्या तुकडीतली मधली

तीन बहिणींत ही मधली, म्हणून घरात, शेजारात आणि पुढे कॉलेजातही सगळे तिला मधलीच म्हणायचे. थोरली लग्न होऊन गेली होती, धाकटी शाळेत होती. वडील लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. घरातलं कुणी शाळेच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. मधलीचं गणित मात्र चांगलं होतं, निदान शाळेत तरी तसं म्हणायचे.

पदवीला कुठला विषय घ्यायचा हे ठरवलं थोरलीच्या नवऱ्याने. ते विमा कंपनीच्या ऑफिसात होते आणि घरात त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "वित्तीय अर्थशास्त्र घे. डोळे झाकून घे. जग बुडालं तरी पैशाची माणसं बुडत नाहीत." आईने लगेच मान डोलावली. जावईबापूंना सगळं कळतं, असा तिचा पक्का समज होता.

पहिल्या वर्षी वर्ग भरलेला असायचा. शिकवायला एक सर होते, त्यांचा घसा कायम बसलेला. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "कुठल्याही वस्तूचा भाव म्हणजे उद्याबद्दल आज केलेला अंदाज." मधलीला हे वाक्य इतकं आवडलं की घरी आल्या आल्या तिने ते वडिलांना ऐकवलं. वडील बुटांच्या नाड्या सोडत होते. म्हणाले, "मजा आहे बाबा तुमची. आमच्याकडे अंदाजाने काम केलं तर माणूस सरळ तळमजल्यावर."

ती खूप हसली. तेव्हा ती बरीच हसायची.

दुसऱ्या वर्षापासून बाकं रिकामी व्हायला लागली. ही पदवी घेतलेल्यांना कुणी दारात उभं करत नाही, अशी बोलवा होती आणि ती खोटीही नव्हती. तिच्या शेजारी बसणारा लंबू एक दिवस दप्तर आवरता आवरता म्हणाला, "मी कॉम्प्युटरला चाललो. तूही चल. इथे काय ठेवलंय?"

"अरे, दोन वर्षं घालवली मी. ती वाया जातील ना सगळी."

लंबू फिस्सकन हसला. "बुडालेला खर्च हिशेबात धरायचा नसतो. मागच्याच परीक्षेत आलं होतं. तुला पैकीच्या पैकी मिळाले होते ना त्यात?"

मिळाले होते खरे. पण पेपरात लिहिणं वेगळं आणि आईला जाऊन सांगणं वेगळं. ती थांबली.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजने जाहीर केलं, की हा विभाग बंद होणार. नवीन मुलं घेणार नाहीत, जी आहेत त्यांना पुरं करू देतील. उरली होती मूठभर मुलं. वर्ष अर्ध्यावर आलं आणि सरांनीही एका मोठ्या कंपनीत नोकरी धरली. जाताना त्यांना मनातून बरं वाटत नव्हतं. निरोप घेताना ते कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. पण गेले.

बाकीचे सगळे कसेबसे पास होऊन सुटले. मधलीचं गाडं अडलं ते अर्थमितीच्या पेपरात. आकडे तिला कधी परके नव्हते, पण इथे आकडे नव्हतेच, नुसत्या सिद्धता. विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक रेघ काढायची, आणि हीच रेघ सगळ्यांत चांगली का, ते सिद्ध करायचं. तिने पानंच्या पानं पाठ केली. परीक्षेत एक ओळ निसटली आणि पुढचं सगळं घरंगळत गेलं.

आई शेजाऱ्यांना सांगायला लागली, "झालंच आहे तिचं. एकच विषय राहिलाय."

पुढच्या वर्षी विभागात ती एकटीच होती. कॉलेजने सरांचे जुने तास रेकॉर्ड करून ठेवले होते, ते तिला दाखवायचं ठरलं. शिपाईकाका खोली उघडायचे, पडदा सुरू करून द्यायचे आणि दाराशी खुर्ची टाकून पेंगायचे. पडद्यावर सर खाकरायचे, फळ्यावर लिहायचे, मग डावीकडच्या बाकांकडे बघून विचारायचे, "समजलं ना?" आणि जरा थांबायचे. त्या बाकांवर आता कुणी नव्हतं. एकदा न राहवून मधली म्हणाली, "नाही सर."

शिपाईकाका दचकून जागे झाले. "मला म्हणालात का?"

"नाही काका. सरांना."

काकांना हसू फुटलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. पडद्यावरचे सर म्हणाले, "छान. आता पुढे," आणि पुढे गेले.

त्या वर्षीही ती नापास झाली. विभाग बंद होत असल्याने आता एकच परीक्षा शिल्लक होती. घाबरत घाबरत ती सरांच्या कंपनीत गेली. काचेची इमारत, खाली गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं. सर खाली आले, तिला ओळखलं, चहा पाजला. तिने अडलेलं पान पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वरून खाली वाचलं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "मलाही विसरायला झालंय. इथे ह्यातलं काही लागत नाही. बटण दाबलं की उत्तर येतं."

"मला लागतं सर. मला पास व्हायचंय."

सर वरमले. म्हणाले, "शनिवारी ये. वाचून येतो."

दोन शनिवार त्यांनी कँटीनच्या टेबलावर शिकवलं. पहिला डोक्यावरून गेला. दुसऱ्या शनिवारी त्यांनी पुस्तक मिटलं, टेबलावर साखरेचे दाणे पसरले, त्यांतून बोटाने एक रेघ ओढली आणि म्हणाले, "तुला वाटेल ती दुसरी रेघ काढ. दाणे जरा हलले की ती माझ्या रेघेपेक्षा जास्त का डगमगते, ते तूच मला सांग." तिने काढली. मांडत गेली, खोडत गेली. आणि एकाएकी तिला दिसलं. पाठांतर नव्हे, दिसलं. तिसऱ्या शनिवारी सर आले नाहीत. कंपनीने त्यांना दुसऱ्या शहरात पाठवलं होतं.

परीक्षेत पहिलाच प्रश्न तो आला. तिने पाठ केलेलं बाजूला ठेवलं आणि मुळापासून, स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतलं. घाई करावी, चार ओळींत उरकावं, हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पेन तिच्या मागून येत होतं. तो प्रश्न संपला तेव्हा वेळही संपत आली होती. बाकीचं तिने तोडकंमोडकं ओढलं.

थोडक्यासाठी राहिलं. उत्तरपत्रिका बघायला मिळाली. पहिल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी, आणि समासात परीक्षकाने लिहिलेलं होतं, 'सुंदर'. पुढची पानं जवळजवळ कोरीच.

ऑफिसातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. "ह्यापुढे परीक्षा नाही गं. विभागच नाही तर पेपर काढणार कोण? दोन वर्षं पुरी केल्याचं प्रमाणपत्र मिळेल, ते घेऊन ठेव."

"त्याचा उपयोग काय होतो?"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "नाही जमलं?"

"नाही."

ते मोरीत गेले आणि बराच वेळ हाताचं ग्रीस घासत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "जेवून घे." आई आत भांडी लावत होती. ती बाहेर आलीच नाही.

महिन्याभरात भाऊजींनी आपल्या ऑफिसात शब्द टाकला आणि मधलीला फोनवर बसवलं. विम्याच्या योजनांत ज्यांच्या गुंतवणुकीचं पाणी झालं ती माणसं फोन करतात. त्यांना काय सांगायचं ते छापून दिलेलं आहे. छापलेलं कारण हे कारण नाहीच, हे तिला तरी कळतं. सुपरवायझरने बजावलंय, कागदाबाहेर बोलायचं नाही.

परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. चिडलेले नव्हते. तिने कागद वाचून दाखवला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "बाळ, तू ह्यातलंच शिकलीस का? मला नीट समजावून सांगशील?"

तिने मान वळवून पाहिलं. सुपरवायझर पलीकडच्या टेबलाशी उभा होता.

"शिकलेय," ती म्हणाली, "पण पुरं नाही." आणि कागदावरची पहिली ओळ तिने पुन्हा वाचायला घेतली.