दीड इंच आखूड पाय आणि स्कूटरची सीट

साल एकोणीसशे शहात्तर. माझं वय एकोणसाठ. नागपूरच्या धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "जरा इकडे या. हा उजवा खुबा. हाडाच्या टोकाला गोल चेंडू दिसतो ना? आता डावा पाहा."

मी पाहिला. पेटीच्या तळाशी दबून एका अंगानं बसलेलं संत्रं असतं ना, तसा दिसत होता. संत्र्यांची दलाली करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असलं फळ पुढं कोणत्या रस्त्यानं जातं ते मला सांगावं लागलं नाही.

"याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे खुब्यातल्या चेंडूला रक्त मिळेनासं होतं, हाड मरतं आणि वजनानं चेपत जातं. काहून होतं, तर कधी कारण सापडतं, कधी नाही. माझं सापडलं नाही.

मी विचारलं, "मंग मी वर्षभर गुडघ्याले तेल काहून लावून राहिलो होतो?"

डॉक्टर हसले. "खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कोणाचा गुडघा दुखत असेल, चालताना जांघेत कळ येत असेल, मांडी घालताना पाय अडत असेल, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका. मी गेलो. त्यानं माझ्या चांगल्या गुडघ्याची इतकी सेवा केली की तेवढी कोण्या देवाची केली असती तर तो पावला असता. आणि वर खुबा बसत चालला होता.

इलाज दोन होते. एक आर्थ्रोडेसिस, म्हणजे सांधा कायमचा जोडून टाकायचा. पाय खांबासारखा मजबूत, पण वाकणार नाही. दुसरा एक्सिजन आर्थ्रोप्लास्टी, म्हणजे मेलेला चेंडू काढून घ्यायचा आणि तिथं मांस भरू द्यायचं. दुखणं जाईल, पाय वाकेल, पण दीडेक इंच आखूड होईल आणि काठी लागेल. मुंबईकडे म्हणे लोखंडाचा सांधा बसवायला लागले होते, पण त्याच्यावर जमिनीवर बसायची मनाई.

मी एकच गोष्ट विचारली, "मांडी कशानं घालता येते?"

"दुसऱ्यानं."

"मंग दुसरं करा."

"घाई नाही. घरी बोलून घ्या."

"बोलणं झालं," मी म्हणालो.

माझी बायको, मधूची माय, माझ्या बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "माझ्याशी तं नाई झालं!"

पण माझा निर्णय पक्का होता. आमचा धंदा गादीवर बसून चालतो. शेतकरी समोर मांडी घालून बसतो, मीही बसतो, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. घरी जेवण पाटावर. लग्नात पंगत. पाय पुढं पसरून बसलेल्या माणसाला कोण दलाल म्हणेल? तेव्हा मी मांडीचा विचार केला आणि फक्त मांडीचाच केला. दारात एक स्कूटर उभी आहे, तिच्यावर बसून मी काटोलपर्यंत बागा पाहायला जातो, थांबताना डावा पाय जमिनीला टेकवावा लागतो, हे त्या घडीला माझ्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांना तरी कसं येणार? त्यांनी मला रिक्षातून उतरताना पाहिलेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतर ट्रॅक्शन. म्हणजे पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाला वजन लटकवतात, स्नायूंनी आखडून पाय जास्त वर ओढू नये म्हणून. पलंगाचे पायथ्याकडचे खूर विटांवर चढवले. डोकं खाली, पाय वर, आणि बाहेर नागपूरचा उन्हाळा. वॉर्डात एक कूलर. खसाचा, म्हणजे वाळ्याचा वास मोठ्या साहेबाच्या बंगल्यासारखा, पण वारा सगळा शेजारच्या पलंगाला.

त्या पलंगावर भिवापूरचा मिरचीचा व्यापारी होता, नडगी मोडलेला. माझ्या पायाला लटकलेल्या वजनाकडे पाहून म्हणाला, "काहून गा, तराजू इथंबी सोबत आणला का?"

मी म्हटलं, "आणला, पण तुह्या मिरचीले नाई लावत. तुह्या पोत्यात निम्मी माती राहते."

असे आमचे दिवस गेले. केरळची एक सिस्टर होती, ती रोज दटावायची, "बाबाजी, हिलना नहीं!" मी हलायचो, ती परत यायची. एका दुपारी पाय इतका ठणकला की डोळ्याला पाणी आलं. सिस्टरनं पाहिलं. मी सांगितलं, कूलरचं उडालं. तिनं कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि गेली. तिचे उपकार मी विसरलो नाही.

घरी आलो. आधी कुबड्या, मग काठी. चालताना डावीकडे झुकायचो, पण जांघेतली ती कळ गेली ती गेलीच. आणि एका सणाला पाट मांडला, मी भिंतीला धरून हळूहळू खाली बसलो आणि मांडी घातली. पुरती घातली! मधूची माय वाढता वाढता थांबली. त्या दिवशी मी वरण-भातावर चार वेळा तूप मागून घेतलं आणि तिनं एकदाही नाही म्हटलं नाही.

मग पाळी आली स्कूटरची.

डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली होती, पण बजावलं होतं, "पडायचं नाही. त्या खुब्यावर पडलात तर मग माझ्याही हातात फार राहणार नाही." पावसाळा सरत आला होता. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर उतरणाऱ्या संत्र्यांच्या बागा पाहायचे दिवस जवळ आले होते. बाग झाडावर उभी असताना पाहावी लागते, फांदी हातात घेऊन. त्या वर्षी मी गेलो नाही, तर माझे शेतकरी दुसऱ्या दलालाकडे जाणार आणि मग मी गादीवर मांडी घालून माश्या मारणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अंगणात स्कूटरवर बसून पाहिलं. माझी उंची आधीच बेताची. उजवा पाय टेकला. डावा दोन बोटं वर, हवेत. आणि थांबताना उजवा पाय ब्रेकवर, म्हणून गाडी कलते ती डावीकडेच.

मधू म्हणाला, "बाबा, बसनं जा. नाही तर सुटीच्या दिवशी मी नेतो, मागं बसा."

"मागच्या सीटवर बसून बाग पाहाले जाणारा दलाल पाहिला का तू?"

त्याची माय म्हणाली, "अजी, पाय तं आता वाढत नाई. सीटच खाली करून घ्या ना."

"सीट खाली कराले मी काय शाळेतलं पोट्टं हाय?"

खरी गोष्ट ही होती की, गल्लीनं पाहिलं असतं. आखूड पाय धोतरात लपतो. आखूड सीट कुठं लपवणार?

म्हणून मी गाडी तशीच काढली. गल्लीच्या तोंडापर्यंत झकास गेलो, वळवली, परत आलो, घरासमोर ब्रेक दाबला आणि सवयीनं डावा पाय खाली सोडला. खाली काही नव्हतंच. गाडी कलली. मला वाटलं, संपलं. ऑपरेशन, विटा, उन्हाळा, सगळं मातीत.

पण मी पडलो गाईवर. शेजाऱ्याची गाय पोळीसाठी रोज आमच्या दाराशी उभी राहायची. तिच्या पोटाला माझा खांदा टेकला आणि ती बिचारी हलली नाही. मी आणि गाडी, दोघं तिला रेलून उभे. हँडल सोडता येईना, पाय पोचेना. गाय रवंथ करत होती.

मधूची माय दारात आली. आधी छातीवर हात ठेवला. मग मी धड आहे हे पाहून पदर तोंडाला लावला. "आता काय गाय घेऊन जाता का काटोलले?"

गल्लीनं ते ऐकलं. हसं तर होऊन गेलं, आता लपवायचं काय राहिलं? मी दुपारीच मधूला गाडी ढकलायला लावून गाड्या दुरुस्त करणाऱ्या शामराव मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, "सीट खाली कर."

शामराव म्हणाला, "काकाजी, आज खंडेनवमी हाय."

दुकानात पाटावर त्याचे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी ओळीनं मांडलेली, सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. हत्यारं पूजेला बसली की दसरा होईपर्यंत उचलायची नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझा स्वतःचा वजनाचा काटा घरी तसाच पुजून ठेवला होता. पण माणसाची गरज आली की दुसऱ्याचा नेम त्याला नेम वाटत नाही.

"एक पाना उचल. देव काय म्हणते?"

"तुमचा काटा उचलता का आज?"

मी सूर बदलला. "परवा सकाळी मले काटोलले जायचं हाय रे."

"मंग परवा सकाळी जासान." एवढंच म्हणाला आणि प्रसादाचा पेढा हातावर ठेवला. मी इतका चिडलो होतो की पेढा मधूला दिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला येत होते. शामरावही आला. आपट्याची पानं दिली, पाया पडला आणि खिशातून पाना काढला. त्याच्यावरचं कुंकू तसंच होतं. "पूजेतून उठल्यावर पयलं काम तुमचं. काढा गाडी."

त्यानं पुढची सीट सोडवली. खालच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या, कव्हर उकलून फोम तासला, आणि सीटच्या दोन्ही कडा कापून अरुंद केल्या, म्हणजे मांडी फाकत नाही आणि पाय सरळ खाली उतरतो. मी म्हटलं, आणखी खाली घे. म्हणाला, "आणखी घेतली तं पेट्रोलच्या टाकीवर बसान." अंगणात सोनं द्यायला आलेली माणसं भोवती उभी राहून सल्ले देत होती.

"लय खाली दिसते का रे?" मी हळूच विचारलं.

"काकाजी, लोक सीट पाहाते का तुमाले पाहाते?"

मी बसलो. डावा पाय सोडला. टाच टेकली. पुरी टाच.

ज्यांचा पाय आखूड झाला असेल त्यांना माझं सांगणं एवढंच, की डॉक्टरांनी त्यांचं काम केल्यावर थोडं काम घरातल्या वस्तूंवरही करावं लागतं. संडासात धरायला एक दांडा, पलंग बेताच्या उंचीचा, गाडीची सीट खाली. त्यात माणूस लहान होत नाही. मी उगाच लाजत बसलो. डॉक्टरांचे, सिस्टरचे, शामरावचे उपकार आहेतच. गाईला मी त्याच रात्री पुरणपोळी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी स्कूटरला बांधली, उजव्या पायानं किक मारली आणि एकटा निघालो. काटोलच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक बंद होतं. मी ट्रकांच्या आणि बैलगाड्यांच्या मधे थांबलो, डावा पाय खाली टेकवला आणि एक हात सोडून मिशीवर फिरवला. मालगाडी लांबलचक होती. ती कितीही लांब असती तरी त्या दिवशी माझी हरकत नव्हती. फाटक उघडलं, मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला, तरी मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग पाय उचलला.