रोझेरची लाल रेघ

रोझेरचं नाव निघालं की गावातल्या लोकांच्या तोंडावर हसू येतं. मी विषय बदलतो. तो माझ्या बायकोचा, लोरेनचा, धाकटा भाऊ. नदीपलीकडे कॅनडा, अलीकडे अमेरिकेत आमच्या गावची बटाट्याची वखार. तिथं सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून तो अठ्ठावीस वर्षं बटाटे निवडतोय. हिरवा, सडका, आतून पोकळ, सगळं डोळ्यांआधी त्याच्या बोटांना कळतं. मी चाळीस एकरांचा धनी, पण आमच्याच घरी कुट्टूची धिरडी उतरली की पहिलं ताट रोझेरचं.

काढणी उरकली की रिकाम्या शेतात बटाटातोफांची स्पर्धा लागते. उडवायचे ते वखारीनं फेकलेलेच बटाटे, हा नियम. तोफ घरची: जाड नळीची कोठी, पुढे बटाटा ठासायची लांब नळी, नि शेगडीच्या टाकीतला गॅस. गॅस थेट कोठीत कुणी सोडत नाही. आधी दोन तोट्यांमधल्या टीचभर नळकांड्यात घ्यायचा, त्यावरच्या दाबमापकाचा काटा खुणेवर आला की मागची तोटी बंद करून पुढची उघडायची. सगळी गोम त्या खुणेत. सात वर्षं रोझेरच जिंकत होता. यंदा त्याच्या काट्यावरची खूण लोरेननं आपल्या लाल नेलपॉलिशनं ठळक करून दिली. माझ्या तोफेकडे ती ढुंकूनही बघत नाही.

एका रविवारी रोझेर चर्चमध्ये असताना मी त्याच्या शेडमध्ये शिरलो. काटा पाहिला, नजर दुसरीकडे गेलीच नाही. घरी येऊन त्याच बाटलीतून तस्सीच रेघ माझ्या काट्यावर ओढली.

स्पर्धेत रोझेरचा बटाटा ओढ्यात पडला. मग माझी पाळी. रेघेपर्यंत गॅस घेतला, कोठीत सोडला, ठिणगी पाडली. नुसतं टिक. आतला गॅस घालवायला कोठी उघडून पंख्यानं वारा दिला, पुन्हा भरलं. टिक. गॅस कमी पडत असणार म्हणून काटा रेघेच्याही वर नेला. टिक. मागून कुणीतरी म्हणालं, तोफेचा आज उपास दिसतोय. प्रत्येकाला चारच संधी, त्यातली आता एकच उरली होती.

रोझेर येऊन गुडघ्यावर बसला. काटा पाहिला. लाल रेघ पाहिली. माझे कान तापले.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "नळकांडं आपलं सारखंच आहे, पण माझी कोठी तुमच्या दीडपट."

"मग?"

"मग माझ्या मापाचा गॅस तुमच्या कोठीत कोंबला तर हवेला जागा कुठंय? पेटणार कशाच्या जोरावर?"

चोरीचा शब्द त्यानं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं चाकूनं रेघ खरवडली नि बहिणीकडे बघितलं. लोरेननं पर्समधून बाटली काढली आणि तो दाखवेल तिथं, जरा खाली, नवी रेघ ओढली.

कोठीला पुन्हा वारा दिला, नव्या रेघेवर भरलं. तोफ कडाडली. माझी नळी त्याच्याहून लांब. बटाटा ओढा ओलांडून कुंपणाला जाऊन आपटला. पहिली टाळी रोझेरनंच वाजवली. लोरेन धावत आली नि तिनं मिठी मारली ती त्याला.

बक्षिसाचं डुकराचं मांस त्याच संध्याकाळी शिजलं. लग्नानंतर पहिल्यांदा लोरेननं पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं.

"अजून वाढ गं दाजींना," रोझेर म्हणाला.

घास कितीतरी वेळ तोंडातच फिरत राहिला.