दोघांच्या सीटचे पासिंग

शनिवार, ३१ मे २००३, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. अ‍ॅशबर्नमधल्या घराच्या गॅरेजचे दार वर केले आणि मोटरसायकल बाहेर काढली. वार्षिक तपासणीच्या स्टिकरची मुदत त्या दिवशी संपत होती. तपासणी करणारे दुकान शनिवारी एक वाजता बंद होई.

गाडी १९७५ सालची, जपानी, दोन सिलिंडरची. मी ती घेतली तेव्हाच जुनी होती. आठवड्यापूर्वी नेपरव्हिलहून मुलीचा फोन आला होता.

"बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. घरात एकटे. कुठे पडलात तर मला कोण कळवणार?"

"पोलीस कळवतील."

"दॅट्स नॉट फनी, बाबा."

मी विनोद केला नव्हता. बराच वेळ बोलून शेवटी करार झाला. या वर्षी गाडी पास झाली तर तिने हा विषय पुन्हा काढायचा नाही. नापास झाली तर मी ती विकायची.

"डील म्हणजे डील. मागून शब्दांचा कीस काढायचा नाही."

मी होकार दिला. पत्नी जानेवारीत गेली होती. त्यानंतर शनिवारची सकाळ ही एकच वेळ अशी होती, जेव्हा मी कामाशिवाय घराबाहेर पडत असे. गाडी गेल्यावर त्या वेळेचे काय करायचे, ते मला ठाऊक नव्हते. हे मी मुलीला सांगितले नाही.

जुन्या गाडीच्या तपासणीविषयी लोकांचा गैरसमज असतो. इंजिनाची तिथे कोणी विचारपूस करत नाही. माझ्या गाडीच्या इंजिनाने कधी दगा दिला नाही. नापास होण्याचे प्रसंग आले ते हॉर्नवरून. एका वर्षी तो घसा बसल्यासारखा वाजला, दुसऱ्या वर्षी वाजलाच नाही. पुढचा ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागला पाहिजे. तिथले बटण गंजते. टायरची नक्षी शाबूत असते, पण रबराला वयाने भेगा पडतात. यातले सर्व मी त्या आठवड्यात तपासले होते. बटण उघडून साफ केले, हॉर्नच्या तारा बदलल्या, पुढचा टायर नवा घातला. काही राहिले आहे असे मला वाटत नव्हते.

दुकानाच्या काउंटरवर एक नवीन बाई होती.

"काय काम आहे?" तिने विचारले.

मी इंग्रजीत म्हणालो, "आय हॅव कम फॉर द पासिंग."

तिने पेन खाली ठेवले. "ओह. आय ॲम सो सॉरी. वय काय होतं?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस! इतकं लहान?"

"लहान कसले? या जातीतल्या फार थोड्या इतकी वर्षे टिकतात."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकते आहे हे कळले, पण काय ते कळले नाही. मी खिडकीतून गाडीकडे बोट दाखवले. तिने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तोंडावर हात ठेवून हसू लागली. मग तिने समजावून सांगितले, की इथे पासिंग म्हणजे माणूस जाणे.

मला हे ठाऊक असायला हवे होते. या देशात तीस वर्षे काढली. पण आमच्या घरात गाडी पासिंगलाच जात असे, जशी ती नागपूरला आरटीओत जाई. दरवर्षी काउंटरवर बोलण्याचे काम पत्नीचे होते. दारातून आत शिरताना ती मला बजावायची, "इन्स्पेक्शन म्हणायचं. पासिंग आपल्या घरी. नाही तर तुम्ही गप्पच राहा, मी बोलते." मी गप्प राहत असे. कारण विचारायचे सुचले नाही. जानेवारीत इस्पितळातल्या माणसांनी हाच शब्द माझ्यापुढे दोनदा उच्चारला होता. तेव्हा मी शब्द ऐकत नव्हतो.

तपासनीस मात्र जुनाच होता, माझ्याच वयाचा. दरवर्षी तोच गाडी पाही. हात पुसत बाहेर आला आणि माझ्या मागे बघू लागला.

"बॉस कुठे आहेत?"

"जानेवारीत गेल्या," मी म्हणालो.

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि कामाला लागला. हॉर्न वाजवला. दोन्ही ब्रेक दाबून दिवे पाहिले. हँडल दोन्ही बाजूंना वळवले, चाके फिरवली, टायरची नक्षी मोजली. मग सीटपाशी थांबला आणि खाली वाकला.

"फूटरेस्ट कुठे आहेत?"

"ते काय, आहेत की."

"हे तुमचे. मागचे?"

"काढले. मागे कोणी बसत नाही."

"सीट दोघांची आहे," तो म्हणाला. "दोघांची सीट असली की चार फूटरेस्ट लागतात. नाही तर एकट्याची सीट बसवा. तीही चालेल."

मीही वाकून पाहिले. तोच पुढे म्हणाला, "हे बघा, तुम्ही घरी जाऊन बसवून आणणार असाल, तर मी अजून काही लिहिलेलं नाही."

"नियम काय सांगतो?"

"नियम सांगतो, नापासाचं स्टिकर लावायचं आणि पंधरा दिवसांची मुदत द्यायची."

"मग लावा."

"बॉस असत्या तर माझ्याशी भांडल्या असत्या," तो म्हणाला, आणि स्टिकर लावले.

घरी आलो तेव्हा साडेदहा झाले होते. मागचे फूटरेस्ट कॉफीच्या डब्यात होते. डब्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती, मार्चमधली. वर पाय नसला की ते वाजत. तिच्या माघारी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा सिग्नलला उभा असताना तो आवाज ऐकला आणि घरी येऊन ते काढून टाकले.

ही गाडी घेतल्यावर ती पहिल्यांदा मागे बसली ती नेसत्या साडीत, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. मैलभरही गेलो नाही तोच पोलिसाने अडवले. इथे असे बसत नाहीत, दोन्हीकडे पाय टाकून बसावे लागते, असे त्याने नम्रपणे सांगितले. ती मला मराठीत म्हणाली, "त्याला सांगा, पडणारी मी आहे, तो नाही." मी भाषांतर केले नाही. ती उतरली आणि घरापर्यंत चालत आली. मी शेजारून गाडी ढकलत आणली. दुसऱ्या दिवशी तिने पँट विकत घेतली. डावा फूटरेस्ट उजव्यापेक्षा अधिक झिजलेला आहे, कारण चढताना ती सगळा भार त्यावर टाकी. मी तसे करू नको म्हणून सांगत असे.

एकट्याची सीट मागवता आली असती. पंधरा दिवस हातात होते. मी पाना घेतला आणि दोन्ही फूटरेस्ट बसवले. डाव्या बाजूचा नट अडला. त्यात अर्धा तास गेला.

पाऊण वाजता पुन्हा दुकानात पोहोचलो. काउंटरवरच्या बाईने विचारले, "पासिंग अजून चालूच आहे?" मी म्हणालो, "होय." तपासनिसाने दोन्ही फूटरेस्ट हाताने दाबून पाहिले, दुमडून पाहिले.

"डावा घट्ट आहे. तेल द्या," तो म्हणाला. मग नापासाचे स्टिकर खरवडून काढले आणि नवे लावले.

संध्याकाळी मुलीला फोन केला.

"काय झालं, बाबा?"

"नापास झाली."

तिला आनंद झाला नव्हता, हे मला ऐकू आले. "आय ॲम सॉरी, बाबा. खरंच."

"नंतर पास झाली. पण आधी नापास झाली. करारात दुसऱ्या खेपेविषयी काही ठरले नव्हते, म्हणून सांगतो. निर्णय तुझा."

"कशावरून नापास केली?"

"मागचे फूटरेस्ट नव्हते. आईचे. मी काढून ठेवले होते. आज परत बसवले."



"विकू नका," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी येणार आहे. मला एकदा बसवाल का मागे?"

"पँट घालून ये," मी म्हणालो.

फोन ठेवला. गॅरेजमध्ये जाऊन डाव्या फूटरेस्टच्या खिळीला तेलाचे दोन थेंब दिले, तो चार वेळा उघडला, मिटला, आणि चिंधीने जास्तीचे तेल पुसले.