शिंप्याच्या दुकानात सांगितलेली गंमत

इंद्रसिंग वळवीला लोकांना हसवता येत असे, आणि सगळं रामायण तिथूनच घडलं. माणूस वाईट असता तर त्याची गोष्ट सांगायला बसलोच नसतो. वाईट माणसांची गोष्ट पोलीस लिहून ठेवतात.

सन छत्तीसच्या सुमाराला तो तळोद्याला देवीडॉक्टर होता. डॉक्टर हे आपलं म्हणायचं. मराठी सातवी पास झालेला, धुळ्याला काही महिने टोचणी हातात धरायला शिकलेला, अंगात खाकी कोट आणि वय तेवीस. काम एकच, डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर जाऊन पोरांच्या देवी काढायच्या. दंडावर चार ठिकाणी टोचायचं आणि आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं. टोचलेलं फुगलं असेल तर लस लागली, नसेल तर पुन्हा टोच. लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून तो पहाटेच चालायला लागे, कारण ऊन लागलं की लस मरते.

चालता चालता त्याच्या डोक्यात विचार चालत. काम पोटासाठी करायचं, हे ठीक. पण नुसत्या पोटासाठी जगायचं तर मग बैल काय वाईट? दिवसभर राबल्यावर संध्याकाळी चार माणसांत बसून हसता आलं पाहिजे, आपण आल्यावर कुणी सरकून जागा दिली पाहिजे. एवढं मिळालं की माणसाचं भागतं, असं त्याचं मत होतं. त्या चार माणसांत कोण कोण बसलेलं आहे हे बघून घ्यावं, एवढाच विचार त्याने कधी केला नाही.

पहिल्याच वर्षी त्याने नंदुरबारच्या बाजारातून चावीचा एक जुना फोनो, म्हणजे ग्रामोफोन, विकत घेतला. लोक म्हणाले, भिल्लाच्या पोराला नोकरी लागली आणि डोकं फिरलं. पण फोनो कामाचा निघाला. देवीडॉक्टर येतो म्हटलं की बाया पोरांना घेऊन रानात पळत. टोचलं की देवी कोपते, असं सगळीकडे मानत. इंद्रसिंगने पाड्याच्या मधोमध फोनो मांडून चावी दिली, आणि त्यातून बाई गायला लागली, की झाडामागून एकेक डोकं बाहेर येई. बाई दिसत नाही आणि गाते! तबकडी संपेपर्यंत अर्धा पाडा भोवती बसलेला असे. मग हा हळूच टोचणी काढी.

तळोद्यात त्याची बैठक सलीम शिंप्याच्या दुकानात. सलीम मशीन चालवता चालवता सगळ्यांचं ऐके आणि स्वतः कमी बोले. तिथे रोज येणारा दुसरा माणूस म्हणजे दारूवर नजर ठेवणाऱ्या अबकारी खात्याचा झुलाल जमादार. गोरागोमटा, खळखळून हसणारा. सुरुवातीला दुकानातली माणसं इंद्रसिंगला नुसती मान हलवत. मग एकदा त्याने कुठल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याची नक्कल केली, आणि झुलाल हसून हसून बाकावरून घसरला. तेव्हापासून इंद्रसिंग दिसला की झुलाल लांबूनच हाक मारी, "ये डॉक्टर, बठ! आज काय नवीन शे?"

आणि इंद्रसिंग रोज काहीतरी नवीन देई. डोंगरातली माणसं कशी बोलतात, कशी घाबरतात, कशी नाचतात. ती सगळी त्याचीच माणसं होती. नक्कल हुबेहूब येई ती त्याचमुळे. कधी कधी घरी परतताना त्याला जरा चोरट्यासारखं वाटे, पण लोकांनी पाठीवर मारलेल्या थापा त्याला त्याहून ऊबदार वाटत. मला इथे त्याचा राग येतो. राग येतो, कारण त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

पौष महिन्यात बातमी आली की वरच्या अंगाला एका गावात देवी आल्या आहेत. त्या गावापासून दोन टेकड्यांवर इंद्रसिंगच्या मामाचा पाडा. मामाचं नाव आमशा, पाड्याचा कारभारी. मामी फुलवंताबाई. दोघांचा एकुलता मुलगा आणि सून साथीत गेलेले, मागे तीन वर्षांची नात राहिली होती, रमिला. इंद्रसिंग लस आणि फोनो घेऊन धावतच गेला.

पाडा बिथरलेला होता. पण आमशा सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हा परका नाही. माझ्या बहिणीच्या पोटचा आहे. याच्या हातून काही वाईट झालं तर माझ्या दारात या." हे बोलणं भिलोरीतलं, मी इथे मराठीत सांगतो. भिल्लाने असा शब्द दिला म्हणजे तो त्याच्या घरावर बांधला गेला. सव्वीस पोरं पुढे आली. एकोणीस राहिली. त्यांच्या आया म्हणाल्या, आधी या सव्वीस जणांचं काय होतं ते पाहू, मग आमची टोच. आणि त्यांत फुलवंताबाई पहिली. नातीला पोटाशी धरून ती म्हणाली, "एकच आहे रे. आठव्या दिवशी ये. तेव्हा देते."

त्याच आठव्या दिवशी आमशाकडे इंदलची पूजा व्हायची होती. मुलगा वारला त्या वर्षी बोललेला नवस. कळंबाच्या फांद्या रोवायच्या, कोंबडं द्यायचं, आणि मोहाच्या दारूची पहिली धार जमिनीवर सोडायची. ती घरच्याच भट्टीची लागते. ठेक्याच्या दुकानातली दारू देवाला चालत नाही. आणि घरी भट्टी लावायला सरकारची बंदी. तेव्हा फुलवंताबाईने नाल्यात, उंबराच्या आडोशाला भट्टी लावली होती. टोचणीच्या त्या पहिल्या दिवशी फोनो वाजायला लागला तेव्हा ती तिथेच होती. गाणं ऐकून जाळ तसाच सोडून ती धावत आली, आणि फोनोतल्या बाईला कंबरेवर हात ठेवून विचारू लागली, "अगं, तुला घरी काम नाही का?" मागे मडकं उतू गेलं. सगळा पाडा हसला. इंद्रसिंगही पोट धरून हसला.

ही गंमत त्याने तिसऱ्या दिवशी सलीमच्या दुकानात सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला. कंबरेवर हात ठेवून मामी झाला, उतू जाणारं मडकं झाला, उंबराखालून धावत येऊन दाखवलं. सलीमने मशीन थांबवली. "बस कर भो, पोट दुखी ऱ्हायनं!" झुलालच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोळे पुसत त्याने विचारलं, "मंग आठव्या दिशी परत वाजाडशी का फोनो?"

"वाजाडसू ना! आख्खा पाडा जमा व्हई."

"नाल्यामा बी कोनी ऱ्हावाव नही मंग," झुलाल म्हणाला, आणि पुन्हा हसला. इंद्रसिंगही हसला.

आठव्या दिवशी तो पाड्यावर पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. आमशाच्या अंगणात कळंबाच्या फांद्या आणून ठेवलेल्या, बाया चांदीचे दागिने घालून आलेल्या. सव्वीसच्या सव्वीस पोरांची लस लागली होती, एकालाही काही झालं नव्हतं. ज्या आया मागे राहिल्या होत्या त्याच आता पोरांना पुढे ढकलत होत्या. इंद्रसिंगला वाटलं, आपल्या नोकरीचं आज चीज झालं. त्याने फोनोला चावी दिली. फुलवंताबाई नातीचा दंड पाण्याने पुसत समोर येऊन बसली. त्याने नळी फोडायला घेतली.

तेवढ्यात नाल्याकडून मडकी फुटल्याचा आवाज आला. एक, दोन, मग भराभर. अबकारीचे पाच शिपाई उंबराकडून वर आले, त्यांच्या पुढे झुलाल. अंगणात येऊन त्याने देवाजवळ ठेवलेलं दारूचं मडकंही लाथेने उडवलं. सगळी दारू कळंबाच्या फांद्यांवर सांडली. मग तो इंद्रसिंगजवळ आला, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाबास डॉक्टर! तू सांगं तठेच सापडनी भट्टी."

फोनोतली बाई गातच होती. कुणी तो बंद केला नाही.

आमशाने भाच्याकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

नाही म्हणता आलं असतं. झुलाल खोटा म्हणून ओरडता आलं असतं. पण जो जन्मात कधी खोटं बोलला नाही अशा माणसाच्या डोळ्यात बघून इंद्रसिंगला ते जमलं नाही. "मामा, मी हसण्यावारी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"आमच्यावर हसत होतात?"

शिपायांनी भट्टी कुणाची म्हणून विचारलं तेव्हा आमशा म्हणाला, माझी. फुलवंताबाई काही बोलायला गेली, त्याने तिला हातानेच गप्प केलं. त्याच्या हातांना दोरी लावली, आणि तो डोंगर उतरून गेला. पुढे त्याला तीन महिन्यांची सजा झाली. इकडे अंगण बघता बघता रिकामं झालं. एकोणीस आयांनी एकोणीस पोरं उचलली आणि रान गाठलं. फुलवंताबाई सगळ्यात शेवटी गेली. जाताना तिने नातीचा ओला दंड लुगड्याच्या पदराने घट्ट झाकून घेतला.

इंद्रसिंग त्या संध्याकाळी थेट सलीमच्या दुकानात गेला. झुलाल तिथेच बसला होता.

"तू मन्हा दोस्त शे ना रे झुलाल? मी दोस्तले सांगं व्हतं. जमादारले नही!"

झुलालला खरोखर नवल वाटलं. "दोस्त शे म्हनीसन तं तुन्हं नाव कागदवर लिखं नही. दोन महिनापासून मन्हा हातमा एक केस नव्हती, साहेब मन्हा पट्टा उतारी ऱ्हायंता. मी काय चोरी करी का? तू सोता सांगं." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "बठ. च्या ले."

इंद्रसिंगच्या अंगाची लाही लाही झाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वर्षभर ज्याच्या हसण्यासाठी आपण आपली माणसं एकेक करून आणून उभी केली, तो हसता हसता उंबर कुठल्या अंगाला आहे ते मोजत होता. त्याने झुलालला शिव्या दिल्या, अगदी आईमाईवरून. पण शिव्या देताना त्याच्या लक्षात येत होतं की निम्म्या शिव्या आपल्या वाट्याच्या आहेत. त्याने सलीमकडे पाहिलं. सलीम खाली मान घालून म्हणाला, "मी बी हसनू व्हतू, भो."

नंतर तो पाड्यावर तीनदा गेला. पहिल्यांदा फोनो नेला, तर लांबून गाणं ऐकताच पाडा रिकामा. दुसऱ्यांदा फोनोशिवाय गेला. तिसऱ्यांदा कोट काढून, लंगोटी लावून, उघड्या अंगाने गेला, लहानपणी जायचा तसा. घराघरांपुढे उभं राहून हाका मारल्या. "मामी, माझं तोंड बघू नकोस, पण रमिलाला टोचू दे. देवी दोन टेकड्यांवर आहे." आतून चुलीचा धूर येत होता, म्हणजे माणसं घरात होती. कुणी दार उघडलं नाही. शब्द देणारा मामा धुळ्याच्या तुरुंगात होता, आणि शब्द ज्याच्यासाठी दिला तो दारात उभा होता. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कोण शब्द देणार?

फाल्गुनात देवी पाड्यावर आल्या. ज्या सव्वीसांना टोचलं होतं त्यांच्यातल्या एकालाही काही झालं नाही. बाकीच्यांत आल्या. आणि हे पाड्याने डोळ्यांनी पाहिलं.

एका दुपारी इंद्रसिंग तळोद्यात दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून नळ्या फडक्यात गुंडाळत होता. समोर फुलवंताबाई येऊन उभी राहिली. डोंगर उतरून ती तळोद्यात जन्मात पहिल्यांदा आली असेल. पाय सोललेले, पाठीवर झोळीत नात. तिने झोळी सोडली, पोरीला मांडीवर घेतलं, आणि तिचा दंड उघडा करून पुढे केला.

"घे. टोच आता."

दंडावर बोट टेकायला जागा नव्हती. पोरीचे डोळेही फोडांनी मिटलेले होते. श्वास तेवढा चालू होता.

"मामी," इंद्रसिंग म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "देवी आल्यावर टोचून उपयोग होत नाही. आधी टोचावं लागतं."

फुलवंताबाईने दंड मागे घेतला नाही. "राग आला असेल तुला. तीनदा आलास, दार उघडलं नाही. त्या मडक्यांचं मी बोलत नाही, तुझ्या मामाचं बोलत नाही. माझ्यावर राग काढ. हिच्यावर नको."

"राग नाही ग मामी. खरंच उपयोग नाही. शपथ घेतो. मी खरं सांगतोय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. भांडायची ताकद तिच्यात उरलेली नव्हती. पोरीचा दंड तिने हळूच पदराखाली घेतला.

"जमादारालाही तू खरंच सांगितलं होतंस," ती म्हणाली.