मागे रेललेलं अक्षर

आईचं अक्षर मागे रेललेलं होतं. बाकीच्या जगाचं अक्षर सरळ उभं असतं नाहीतर पुढे झुकतं. तिचं मात्र उतारावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसासारखं डावीकडे कललेलं. 'क'च्या पोटात गाठ, 'ळ' गुबगुबीत, आणि शब्द संपला तरी शिरोरेघ जराशी पुढे गेलेली. शंभर कागदांत तिचा एक ठेवला तरी मी लांबून ओळखीन, अशी माझी खात्री होती.

आई शिक्षिका. आमचं घर विरारला फुलपाड्यात आणि तिची शाळा मोखाड्याच्याही पुढे, डोंगरावरच्या एका पाड्यात. सोमवारी पहाटे ती एस.टी. पकडायची आणि शनिवारी संध्याकाळी परतायची. मी चार वर्षांची होते तेव्हापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं. माझी वेणी शेजारच्या काकू घालायच्या, अभ्यासही त्याच घ्यायच्या. शनिवारी आई यायची ती अंगाला चुलीच्या धुराचा वास, पिशवीत नाचणीचं पीठ आणि तोंडी पाड्यावरच्या पोरांची नावं घेऊन.

त्यातलं सगळ्यात वरचं नाव वनिताचं. माझ्याच वयाची. 'आमच्या वनिताला सतराचा पाढा येतो. आमची वनिता दोन ओढे ओलांडून येते, पण शाळा बुडवत नाही.' पोटची पोर मी, आणि 'आमची' कोण, तर वनिता. मला सतराचा पाढा येत नव्हता आणि वाटेत ओलांडायला ओढाही नव्हता. वनिताला मी कधी पाहिलं नव्हतं, पण म्हणून तिचा राग राग करायचं माझं काही अडलं नाही.

माझा एक पिवळा फ्रॉक होता. तो मला तोकडा झालाय असं फक्त आईला वाटायचं. एका सोमवारी तो न विचारता तिच्या पिशवीतून डोंगरावर गेला. पुढच्या शनिवारी मी आईशी बोलले नाही. हे तिच्या लक्षात यायला रविवारची दुपार उजाडली. मग तिनं मला जवळ बसवलं, वहीत एक सुंदर ओळ काढून दिली आणि म्हणाली, "ही खाली गिरव. हळूहळू. घाई एस.टी.ला असते, पाटीला नसते."

मी म्हटलं, "आमच्या शाळेत असलं वाकडं अक्षर चालत नाही."

आई रागावली नाही. "बरं," म्हणाली आणि वही मिटून ठेवली. त्यानंतर तिनं मला कधीही ओळ काढून दिली नाही. पुढे तिची बदली वसईजवळ झाली, ती रोज घरी यायला लागली, पण तोवर माझं वह्या दाखवायचं वय निघून गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दिवस झाल्यावर मी तिच्या हातचं काही लिहिलेलं शोधायला बसले. काही म्हणजे काही सापडेना. दर शनिवारी घरी येणाऱ्या माणसाला पत्र कशाला लिहावं लागतं? वाणसामानाच्या याद्या सामान आलं की टाकल्या जातात. कागदांची ट्रंक होती, ती तळमजल्यावर पाणी शिरलं त्या वर्षी गेली. उरला एक डबा. त्यावर तिनं नेलपॉलिशनं 'हळद' लिहिलेलं, त्यातला 'ह' घासून घासून निघून गेलेला. आईच्या अक्षरातली माझ्या वाट्याची इस्टेट म्हणजे एवढी दोन अक्षरं.

अशात वनिताचा फोन आला. ती आता त्याच शाळेत शिकवत होती. बाई गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. ताई, एकदा येऊन जा, पाड्याला बरं वाटेल, असं तिनं फार आग्रहानं सांगितलं. मी गेले. खरं कारण सांगायचं तर आपलं काय काय तिथे राहिलंय ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

जव्हार, मोखाडा, मग जीप, आणि जीपनं हात टेकल्यावर तासाभराची चढण. वर पोचले तेव्हा माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. कुडाची घरं, सारवलेली अंगणं, मागे नाचणीचे उतार. पहिल्याच घराच्या दारावर चुन्यानं नाव लिहिलेलं होतं. मी जागीच थांबले. मागे रेललेलं अक्षर, 'क'च्या पोटात गाठ. आईनं लिहिलेलं अजून टिकलंय म्हणून मी त्यावरून हात फिरवला, तर बोटाला ओला चुना लागला. घरातली बाई हसून म्हणाली की आमच्या पोरानं आत्ताच लिहिलं, तुम्ही येणार म्हणून.

मग ते दिसतच गेलं. पुढच्या दारावर, कणगीवर, विहिरीपाशी लावलेल्या पाळ्यांच्या यादीवर. आईनं पोरांना शिकवलं, त्यातल्या वनितानं त्यांच्या पोरांना. सबंध पाडा माझ्या आईच्या अक्षरात लिहीत होता आणि माझ्याकडे हळदीचा डबा होता. मला रडू आलं. पाड्याला ते आईसाठी वाटलं. खरं तर मी जळत होते.

शाळेत वनितानं वही पुढे केली. नाव-पत्ता आणि दोन शब्द लिहा म्हणाली. मी वसईत एका वकिलाकडे दिवसभर टायपिंग करते, पेनाची सवय सुटलेली. कसंबसं लिहिलं. वनिताची आई शेजारी वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही, पण बघता येतं. ती हळूच म्हणाली, "बाईंच्या पोरीचा अक्षर बाईंच्यासारखा नाय."

वनितानं तिला गप्प केलं आणि वेळ मारून नेली. मला उतारापर्यंत सोडायला आली तेव्हा मात्र म्हणाली, "ताई, मला तुमचा लई राग यायचा. शुक्रवार आला की बाईंचं मन लागायचं नाही. आमची सोनू वाट बघत असेल, म्हणायच्या. आम्ही काय त्यांचे नव्हतो?"

'आमची सोनू.' मला बरं वाटलं, हे कबूल करते. पण ते 'आमची'सुद्धा ऐकलं कोणी, तर वनितानंच.

महिन्याभरानं फुलपाड्याला एक पाकीट आलं. वर माझं नाव, आईच्या अक्षरात. मी बिल्डिंगच्या पायरीवरच बसले. आईनं मला आयुष्यात न लिहिलेलं पत्र हातात होतं आणि ते तिचं नव्हतं. उघडलं तर आत एक दुरेघी वही. प्रत्येक पानावर वर एक ओळ काढलेली, खाली सगळ्या रेघा रिकाम्या. सोबत चिठ्ठी होती: 'ताई, रोज एक पान. घाई नको.'

ज्या पोरीचा मी जन्मभर दुस्वास केला, तिनं काढलेली ओळ मी आता रोज सकाळी गिरवते. अजून अक्षर मागे रेलत नाही, 'क'च्या पोटातली गाठ सुटते. वही भरली की ती डोंगरावर पाठवायची आहे, वनिता तपासून देणार आहे. आईनं गावाच्या वह्या तपासल्या, माझी एकही नाही.