बाबांच्या गाठीचं जाळं

इंदूरमधली बाबांची मिल बंद पडली, त्याच वर्षी मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा मागावर विणकर होते. पुढे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लागले, पण संध्याकाळी त्यांची बोटं स्वस्थ बसत नसत. जुन्या चादरीचा धागा तोडायचा आणि बेमालूम जोडायचा. ती गाठ त्यांनी मलाही शिकवली. "बेटा, गाठ सुटली तर कापडाचं अख्खं थान खराब," म्हणायचे. मला वाटे, आता हे शिकून काय करायचं?

पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी हवाईला शिकायला गेले. सुट्टीत एका मैत्रिणीने तिच्या गावी नेलं. किनाऱ्यावर मूळ हवाईयन कुटुंबांची थोडी घरं, बाकी सगळं शांत. दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीचा पहिला वाढदिवस होता. तिकडे तो लग्नासारखा करतात, गावजेवण असतं. मासे किनाऱ्याजवळ आले होते आणि नेमकं जाळं खडकाला लागून फाटलेलं. सांधता येणारे एकटे मैत्रिणीचे काका. गावात सगळे त्यांना अंकलच म्हणत. मासे निघून गेले तर जेवणाचं काय, ही काळजी सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मी बराच वेळ नुसते त्यांचे हात बघत राहिले. गाठ ओळखीची होती, बाबांचीच. शेवटी चाचरत विचारलं, "मी... करून बघू?"

"तुमच्याकडे समुद्र आहे?" अंकल म्हणाले.

"नाही. कापडाची मिल होती."

"मग जाळ्याला बाह्या लावशील!" सगळे हसले.

नायलॉन सुतापेक्षा निसरडं, म्हणून मी एक वेढा जास्त घेतला. अंकलनी ती दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून जोरात हिसडली. गाठ सुटली नाही. त्यांनी अर्धं जाळं माझ्या मांडीवर टाकलं.

दुपारच्या आत जाळं पाण्यात गेलं. दोरी ओढायला पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळे आले. मासे वाळूवर उड्या मारू लागले, तेव्हा मी आधी माझ्या गाठी पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. ओढेल त्याला वाटा, अशी तिथली रीत. माझ्यापुढेही मासे आले.

"मी मासे खात नाही."

"खात नाही आणि जाळं बांधते!" अंकल ओरडले आणि माझा वाटा त्यांनी बाळाच्या नावावर केला.

रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर बाबांना बोलावून घेतलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं,

"गाठ सुटली नाही ना?"

"एकसुद्धा नाही."

रिसीव्हर तोंडाशीच धरून ते इंदुरी बोलीत गल्लीकडे ओरडले, "सुनो भिया! अपनी मिल की गाठ समुंदर में भी नहीं छूटी!"

माझा कान बधिर झाला, तरी मी फोन दूर धरला नाही.